थंडीतलं घट्ट सूप : तुरीचे सोले, ज्वारीच्या कण्या अन् शेतातला पाला

सूप म्हणलं की आमच्या आत्याला अजून पाखडायचंच सूप आठवतं. मागच्या डिसेंबरात फोनवर सांगितलं, आत्या आज रात्रीला सूप केलंय, तर म्हणती केलंय म्हणजे, बुरडाकडून आणलं नाहीस का. मी लई हसलो, पण नंतर वाटलं बाईचं बरोबरच आहे, आपल्याकडं ह्या प्रकाराला सूप कोणी म्हणतच नव्हतं. कढण होतं, माडगं होतं, आंबील होती, आळण, म्हणजे कालवलेलं पीठ, लावलेली पातळ भाजी होती, गरगटं होतं, अन् येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, ती मिसळ भाजी, भज्जी, तर होतीच. रिसेप्शनला जेवणाआधी ते वाटीभर चिकट पाणी देतात अन् त्यात मक्याचे चार दाणे पोहत असतात, ते म्हणजे सूप, अन् आपली ती नुसती आमटी, असं आपणच ठरवून बसलो.

मी ह्या भानगडीत पडलो ते अप्पांमुळं. तीन वर्षांमागं त्यांचे खालचे दात काढले अन् कवळी काही केल्या बसंना, भाकरी तर सोडवत नाही, मग कुस्करून खायची म्हणलं तर ती भिजायला काहीतरी पातळ पाहिजे अन् नुसत्या वरणावर माणूस किती दिवस काढणार. बायकोची ड्युटी संध्याकाळची, घरी यायला तिला नऊ वाजतात, त्यामुळं रात्रीचं पातेलं माझ्याकडं आलं. आधी पाकिटातली सुपं आणली, अप्पांनी दोन घोट घेतले अन् विचारलं ही खळ कशाला लावायची, पतंगाला का. तिथून पुढं घरचंच. सलग तीन हिवाळे करतोय, जे जमलं अन् जे बिघडलं ते दोन्ही सांगतो.

सगळ्याचं सार आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्याला पुढं वाचायचा कंटाळा आहे त्यानं इथूनच स्वयंपाकघरात जावं. घट्टपणा धान्यातून आणायचा, कॉर्नफ्लोरमधून नाही. चव पाल्याभाजीतून अन् फोडणीतून येती. अन् आंबट कुठलंही असू दे, चिंच टोमॅटो चुका ताक, कडधान्य बोटानं चिरडेपर्यंत त्याला पातेल्याजवळ येऊ द्यायचं नाही. बाकी काय मागंपुढं झालं तरी सूप खाण्यासारखं होतंय, पण हे शेवटचं चुकलं की मग रात्री साडेदहाला उपाशी बसायची वेळ येती, आमच्यावर आलीय.

मापाचं म्हणाल तर चार माणसांना पोटभर, म्हणजे जेवणच म्हणून, पाऊण वाटी सुकं कडधान्य, पाव वाटी कण्या किंवा भरडलेलं धान्य, चिरलेल्या भाज्या दोन ते अडीच वाट्या, पालेभाजी असली तर मूठ-दोन मूठ, अन् पाणी सात-आठ वाट्या. धान्य पाव वाटीच्या वर नेऊ नका, डोळ्याला कमी वाटतंय पण ते फुगून बसतंय. मी पहिल्यांदा वाटीभर कण्या घातल्या होत्या, सकाळी पातेलं उलटं केलं तरी काही पडंना.

आता कडधान्य. इथं जरा थांबून सांगतो कारण निम्मी सुपं इथंच बिघडतात. हरभरा, राजमा, हुलगे म्हणजे कुळीथ ही जाड सालीची मंडळी, ह्यांना रात्रभर, म्हणजे आठ ते दहा तास भिजवायलाच लागतं. चवळीला चार-पाच तास पुरे. मूग-मटकी भिजवून मोड आणले तर एका-दोन शिट्टीत काम. हरभऱ्याला माझ्या कुकरात पाच-सहा शिट्ट्या अन् नंतर बारीक गॅसवर दहा मिनिटं, हुलग्यांना त्याहून थोडं जास्तच, चवळीला तीन. तुमचा कुकर वेगळा, तुमचं पाणी वेगळं, म्हणून शिट्ट्या मोजत बसण्यापेक्षा एक दाणा काढून अंगठा अन् बोटात दाबून बघा, आत पांढरी कणी राहिली नाही म्हणजे झालं.

दाणे निवडताना गणंग काढा. गणंग म्हणजे जो भिजवला तरी भिजतच नाही, तसाच टणक राहतो तो दाणा. मटकी-मुगात जास्त सापडतात. सकाळी पाणी ओतून देताना हात फिरवला की जे बारीक अन् खडखडीत लागतात ते बाजूला. सूप मऊ म्हणून माणूस बेसावध खातो अन् असा एकच दाणा दाढेखाली आला की झालं, अप्पांचा उरलेला एक दात त्यानंच हलवला.

अन् पाणी. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड आहे की हिटरच्या कॉइलवर महिन्यात पांढरी पापडी धरती. तसल्या पाण्यात हरभरा शिजता शिजत नाही. मला वाटायचं दुकानदारानं जुना माल दिला, त्याच्याशी दोन वेळा हुज्जत घालून आलो, अन् माल जुना असला तर दाणा हट्टी होतोच हेही खरं, पण आमच्या घरातला गुन्हेगार पाणी निघालं. जड पाण्यात कॅल्शियम अन् मॅग्नेशियम असतंय, ते दाण्यातल्या पेक्टिनला, म्हणजे दाणा चिकटवून ठेवणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाला, घट्ट धरून बसतं अन् दाणा फुटू देत नाही. आता मी भिजवायला अन् शिजवायला दोन्हीला फिल्टरचं पाणी घेतो, भांडी घासायला बोअरचं. फिल्टर नसला तर भिजवतानाच चमचाभर मीठ टाका. मिठानं कडधान्य शिजत नाही असं आपल्याकडं म्हणतात, पण भिजवायच्या पाण्यातल्या मिठानं उलट साल मऊ पडती. ते पाणी सकाळी फेकून द्यायचं, त्यानं पोटातला गॅसही जरा कमी होतो. खायचा सोडा अगदीच नाइलाज असला तर चिमटीभर, त्याच्यावर गेलात तर साबणासारखा वास मारतंय अन् बी-१ जीवनसत्त्वही जातंय.

आंबटाचं तसंच आहे, आंबट पाण्यातही ते पेक्टिन सुटत नाही. मागच्या जानेवारीत मी शहाणपणा करून वेळ वाचवायला हरभरा, टोमॅटो अन् चिंचेचा कोळ सगळं एकदम कुकरात लावलं, नऊ शिट्ट्या झाल्या, गॅस संपत आला, हरभरा आपला गोट्या खेळायच्या तयारीत. शेवटी वरचं पाणी गाळून घेतलं, त्यात कण्या शिजवल्या अन् तेवढंच प्यालो. हरभरा दुसऱ्या दिवशी मिक्सरात वाटला तेव्हा कुठं खपला.

राजम्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा, ही चवीची नाही, तब्येतीची आहे. आता आपल्याकडं बीड-धाराशिवकडं रब्बीत राजमा लोक लावायलेत, त्यामुळं घरात येतोय. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतंय, ते नीट खळखळ उकळल्याशिवाय मरत नाही. कुकरात शिट्ट्या केल्या तर काही काळजी नाही. पण कोणी चुलीच्या विस्तवावर रात्रभर मंद ठेवायचं म्हणत असेल, तर आधी किमान दहा मिनिटं जोरात उकळू द्या, मगच विस्तव ओढा, नाहीतर कोमट राहिलेल्या अर्धवट राजम्यानं उलट्या-जुलाब होतात. अन् भिजवलेलं पाणी ह्याचं तर नक्की फेका.

आता धान्याकडं येऊ, अन् इथं आत्याचं सूप कामाला येतं बघा. कण्या विकतही मिळतात पण घरच्या ज्वारीच्या कण्यांची गोडी वेगळी. रब्बीची ज्वारी घ्यायची, मालदांडी असू द्या नाहीतर परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती, टपोरा पांढरा दाणा. हायब्रीडच्या कण्या चालत नाहीत असं नाही पण त्या शिजायला रडवतात अन् चवीला सपक. ज्वारीवर पाण्याचा हबका मारायचा, हातानं चोळायची, पंधरा-वीस मिनिटं फडक्यात झाकून ठेवायची, मग मिक्सरला थांबत थांबत फिरवायची, एकदम सलग फिरवली तर पीठ होतंय. एका दाण्याचे तीन-चार तुकडे झाले की थांबा. पीठ चाळणीनं चाळून घ्या, ते फेकू नका, आळणाला लागतंय, अन् राहिलेल्या कण्या सुपात पाखडून कोंडा उडवून द्या. मला पाखडता येत नव्हतं, निम्म्या कण्या अंगणात, चिमण्यांची चंगळ, आता येतं. दोन किलोच्या कण्या करून उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरल्या की महिना-दीड महिना बघायला नको.

बाजरी चालती, थंडीत तर चालतीच, खिचड्याला करतो तशी ओली करून कांडायची अन् कोंडा काढायचा. फक्त बाजरीचं पीठ जुनं वापरू नका. बाजरीत तेलाचा अंश जास्त, दळून आठ-दहा दिवस झाले की कडू लागायला लागती अन् तो कडूपणा सुपात लपत नाही. गव्हाचा दलिया सगळ्यात सोपा, दुकानात मिळतो, दहा-पंधरा मिनिटांत शिजतो, पोरांना आवडतो. तांदळाच्या कण्या आजारी माणसाला बऱ्या. अन् अख्खी ज्वारी घालायची असली तर रात्रभर भिजवून कडधान्याच्या बरोबरीनं कुकरात लावा, दाताखाली मस्त लागती, पण अप्पांसाठी नाही, म्हणून आमच्याकडं ती कमी होती.

कण्या टाकायच्या आधी तेलातुपावर दोन मिनिटं परतून घ्या, खमंग वास आला पाहिजे. अन् टाकल्यावर पातेलं सोडून मोबाइल बघायला जाऊ नका, पहिली पाच मिनिटं त्या सरळ तळाला बसतात अन् लागतात. तळाला लागलं अन् कळलं तर खालून खरवडू नका, वरचं वर दुसऱ्या पातेल्यात ओता, करपलेला वास खालीच राहतो.

ज्वारी-बाजरीबरोबर डाळ-कडधान्य खायची आपली जुनी रीत उगीच नाही. लायसिन अन् मेथिओनिन हे प्रथिनातले घटक; धान्याच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं ते कडधान्यात भरपूर, कडधान्यात मेथिओनिन कमी ते धान्यात, दोन्ही एका वाटीत आले की एकमेकांची भर घालतात. म्हाताऱ्या माणसाचं खाणं थोडं, मग थोड्यात जेवढं जाईल तेवढं बरं.

भाज्यांचं काही कडक नाही. कडक भाज्या आधी, मऊ नंतर, पाला शेवटी. गाजर, मुळा, शेवग्याच्या शेंगा, घेवडा आधी. डांगर म्हणजे लाल भोपळा अन् दुध्या नंतर, डांगर तर विरघळून सूप घट्टच करतंय अन् गोडसर होतंय, त्याला तिखट जरा जास्त लागतं. फ्लॉवर मी घालत नाही, दुसऱ्या दिवशी वास येतो. पाल्यात मेथी, पालक, चाकवत, करडईची कोवळी भाजी, पातीचा कांदा. करडई पेरलेली असली तर विरळणीला काढलेली रोपं फेकू नका, निवडून सुपात टाका. पण थंडीतला राजा म्हणजे हरभऱ्याचा पाला. शेंडे खुडून आणायचे, खुडल्यानं झाडाला फांद्याही जास्त फुटतात त्यामुळं शेतमालक ओरडत नाही, निदान आपलं स्वतःचं शेत असलं तर. ह्या पाल्यावर आंब असती, पहाटेच्या दवात पानावर सुटणारा आंबट रस, पूर्वी पहाटे हरभऱ्यावर धडपा अंथरून ती आंब पिळून बाटलीत भरून ठेवायचे, पोटदुखीवर द्यायचे. म्हणून हा पाला धुताना हलक्या हातानं एकदाच धुवा, चोळून चोळून धुतला तर सगळी चव मोरीत. अन् आंबट म्हणजे वरचा नियम लागू, कडधान्य शिजल्यावरच. हिवाळ्यात वाळवून ठेवला तर हाच पाला उन्हाळ्यात हातानं चुरून टाकता येतो.

आता एक पूर्ण करून दाखवतो, आमच्याकडं आठवड्यातून दोनदा तरी होणारं, तुरीच्या ओल्या सोल्यांचं. नोव्हेंबर सरता सरता तुरीच्या शेंगा भरतात. आमच्या शेतात बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ आहे, पांढरी अन् लवकर येणारी. शेंगा सोलायला रात्री सगळ्यांनी टीव्हीसमोर बसायचं, पोरीला मी दर वाटीमागं एक गोळी देतो. दीड वाटी सोले घ्या. ओले आहेत म्हणून माप जास्त, भिजवायची भानगड नाही. त्यातले निम्मे सोले लोखंडी तव्यावर किंवा कढईत तेलाच्या थेंबावर भाजा, सालीवर काळे ठिपके पडेपर्यंत, तडतडतात, तोंड लांब ठेवा. भाजलेले सोले, सात-आठ लसणाच्या पाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या, जिरं अन् थोडी कोथिंबीर जाडसर वाटायची, पाटा असला तर उत्तम, मिक्सर असला तर थांबत थांबत.

पातेल्यात दोन पळ्या तेल, करडईचं मिळालं तर बघा, आता घाण्यावर पुन्हा मिळायला लागलंय, महाग आहे पण सुपाला त्याचीच चव. मोहरी, जिरं, हिंग, मग एक मोठा कांदा बारीक चिरून, लालसर होऊ द्या, घाई नको. हळद, चमचाभर काळं तिखट. वाटण टाकून तेल सुटेपर्यंत परता, ह्याच ठिकाणी सुपाची चव ठरती, वाटण कच्चं राहिलं तर पुढं काही करा, कच्चा वास जात नाही. मग राहिलेले अख्खे सोले, एक गाजर, एक मुळा बारीक फोडी करून, अन् सात वाट्या उकळतं पाणी. गारच पाणी ओतलं तर शिजायला वेळ लागतो अन् तर्री बसून जाती. झाकण अर्धवट ठेवून दहा-बारा मिनिटं, सोले मऊ झाले का बघा, मग परतलेल्या कण्या पाव वाटी, हलवत हलवत. आणखी पंधरा-वीस मिनिटं. कण्या फुलल्या, पळीवरून सूप धारेनं नाही तर थबकत थबकत पडायला लागलं की हरभऱ्याचा पाला मूठभर अन् पातीचा कांदा, मीठ, दोन चमचे शेंगदाण्याचा कूट, एक शेवटची उकळी अन् गॅस बंद. पाला नसला तर लिंबू पिळा, पण ताटात, पातेल्यात नको.

वरून मी एक चरचरीत फोडणी देतो, तुपात लसूण ठेचून, लाल होईपर्यंत, अन् एक सुकी मिरची. ह्याशिवायही चालतं पण शेजारी वास गेला पाहिजे की.

अप्पांच्या वाटीसाठी मी एवढ्यावर थांबत नाही, रवीनं दहा-पंधरा वेळा घोटतो. मिक्सरात फिरवून एकजीव केलं तर लहान पोरांच्या पेजेसारखं होतंय अन् त्यांना ते अपमान वाटतं. रवीनं घोटलं की निम्मं मोडतं, निम्मं राहतं, चावल्याचं समाधान राहतं.

सुक्या कडधान्याचं करायचं असलं तर रीत हीच, फक्त कडधान्य कुकरात वेगळं शिजवून घ्यायचं अन् त्याचं शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, तेच सुपाचं पाणी. मिठाच्या पाण्यात भिजवलं असलं तर शेवटचं मीठ चाखून टाका. चवळी अन् डांगर ही जोडी जमती. मटकी अन् शेवगा. हरभरा अन् चाकवत, त्यात गव्हाचा दलिया. हुलग्याबरोबर बाजरी, ती जरा उग्र, तिला लसूण दुप्पट. सोयाबीन आपल्याकडं पोत्यानं पिकतं म्हणून मी एकदा तेही घालून पाहिलं, घरात कोणी दुसरी वाटी घेतली नाही, पुढचं तुम्ही समजून घ्या.

हुलग्याचं निघालंच आहे तर माडगं सांगतो, कारण ते सगळ्यात लवकर होतं अन् सर्दीनं नाक गच्च झाल्यावर त्याच्यासारखं काही नाही. हुलगे कोरडेच खमंग भाजायचे, गार झाले की दळून आणायचे, डब्यात ठेवायचे. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवा, गार पाण्यातच, गरमात टाकलं की गुठळ्या. लसूण-जिऱ्याच्या फोडणीत दोन वाट्या पाणी उकळा, कालवलेलं पीठ एका हातानं ओता अन् दुसऱ्यानं हलवत राहा, मीठ, थोडं तिखट, सात-आठ मिनिटं उकळू द्या. गोड पाहिजे तर फोडणी सोडून द्या अन् गूळ, सुंठ घाला. आमच्या घरात ह्यावरून दोन पार्ट्या आहेत, अप्पा गोडवाले, मी तिखटवाला.

येसर माहीत असलेल्यांना मी वेगळं काय सांगणार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, धान्य अन् डाळ भाजून, मसाल्याबरोबर दळलेलं पीठ, लग्नकार्यातल्या आमटीला लावतात ते. घरोघरी वेगळं असतं, आमच्यात बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरं, सुक्या मिरच्या अन् थोडा खडा मसाला, सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळायचं. ज्या दिवशी कण्या शिजवायला वेळ नाही त्या दिवशी शिजलेल्या कडधान्याच्या पाण्यात दोन-तीन चमचे येसर कालवून लावलं की दहा मिनिटांत घट्ट, मसाल्यासकट. हॉस्टेलला पोरं असतील तर डब्यात हेच द्या, त्यांना भाजायचं-वाटायचं काही राहत नाही.

अन् भज्जी. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिवकडची माणसं शेतात जातात, नांदेड-बीडच्या काही भागातही, त्या दिवशी लातुरात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. कडब्याची कोप म्हणजे खोपटी करायची, दगडांचे पांडव मांडायचे, पूजा झाली की पंगत, आंबील अन् भज्जी, उंडे, खिचडा. ती भज्जी खरं तर आपलं सगळ्यात भारी हिवाळी सूपच आहे, फक्त घट्ट. तुरीचे सोले, ओला हरभरा, वाटाणा, वालाचे दाणे, शेंगदाणे, गाजर, मेथी, पातीचा कांदा, जे शेतात असेल ते सगळं, चिंचेचा कोळ, अन् हरभऱ्याच्या पिठाचं आळण. बघा, रीत तीच, आधी दाणे शिजवतात, चिंच मागनं. ती मोठ्या पातेल्यात करतात त्यामुळं उरतीच. दुसऱ्या दिवशी उरलेली भज्जी दोन वाट्या घ्या, तीन वाट्या गरम पाणी घालून रवीनं मोडा, उकळी आणा, मीठ बघा, वरून लसणाची फोडणी. येवढं सोपं अन् येवढं चविष्ट दुसरं काही मला येत नाही. पोरगी म्हणती येळवस दर आठवड्याला पाहिजे, भज्जीसाठी नाही, दुसऱ्या दिवशीच्या ह्या सुपासाठी.

आळण लावायचं असलं तर बेसन किंवा चाळून राहिलेलं ज्वारीचं पीठ, दोन चमच्याला अर्धी वाटी गार पाणी, गुठळी राहू द्यायची नाही, अन् लावल्यावर किमान पाच-सात मिनिटं उकळायचं. बेसन कच्चं राहिलं तर जिभेवर कळतंय अन् नंतर पोटालाही कळतंय. पोटाचं भ्या असणाऱ्यांनी हिंग अन् चिमटीभर ओवा फोडणीत टाकावा, अन् पहिल्याच दिवशी हरभऱ्याच्या दोन वाट्या ओरपू नयेत.

ह्याच्याबरोबर ज्वारीची गरम भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा अन् ठेचा. बाहेर कडाका असला, म्हणजे आमच्या परभणीकडं पारा कधी पाच-सहावर येतो तसला, तर वाटी हातात धरूनच बसायचं, चमचा नंतर. ज्याला भाकरी नको त्याच्यासाठी पापड भाजून चुरून टाका. वरून तुपाची धार हा माझा आग्रह, डॉक्टरांचा नाही.

उरलं तर झाकून ओट्यावर रात्रभर ठेवायचा मोह होतो, थंडी आहे ना म्हणून, पण घरातली थंडी फ्रिजइतकी नसती अन् पातेलं मधी तासन् तास कोमट राहतं, कडधान्याचं आंबायला तेवढं बास. पसरट भांड्यात ओतून गार करा अन् दोनेक तासांत फ्रिजमध्ये टाका, दोन दिवस चालतं. गरम करताना पाणी घालायला लागणारच, कण्या रात्रभर पाणी पितात. सूप कधी कधी इतकं आळतं की पाणी घालूनही सैल होत नाही, नुसते गोळे. तेव्हा पाण्याचा नाद सोडा, परातीत ते काढा, मावेल तेवढं ज्वारीचं पीठ, मूठभर बेसन, तीळ, थोडं तिखट घालून मळा अन् धपाटे थापा. पाणी वेगळं घालू नका, सुपाच्याच ओलाव्यात पीठ मळतंय. अन् थापायचं फडकं मात्र ओलं पाहिजे, नाहीतर धपाटं तव्यावर पडायच्या ऐवजी फडक्यालाच चिकटून बसतंय.